पणजीचा काठ : भराव, पदपथ आणि वाहनतळ

गोव्याची राजधानी पणजी हे लोकसंख्येच्या मानाने लहान शहर आहे. २०११ च्या जनगणनेत तेथे सुमारे ४० हजार लोक राहत होते. मांडवी नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, तिच्या डाव्या तीरावर वसलेल्या या शहराचा दर्शनी भाग म्हणजे त्याचा काठ होय, आणि या काठावरचा रस्ता, त्यालगतचे पदपथ, बागा, धक्के व वाहने उभी करण्याच्या जागा पाहताना त्या भूमीचा बराचसा भाग दोनशे वर्षांपूर्वी वाळूची टेकाडे, दलदल आणि भरतीचे पाणी यांच्या ताब्यात होता, याची कल्पना सहसा येत नाही. येथे 'काठ' हा शब्द ओहोटीच्या पाण्यापासून इमारतींच्या पहिल्या रांगेपर्यंतच्या पट्ट्यासाठी वापरला आहे. हा पट्टा सुधारण्याचे काम पणजीत जवळजवळ प्रत्येक राजवटीने केले. परंतु सुधारणा म्हणजे काय आणि ती कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर दर वेळी निराळे होते. एका काळी सुधारणा म्हणजे पाणी अडवणे, दुसऱ्या काळी फिरण्यासाठी व राजसमारंभांसाठी मोकळी जागा करणे, तिसऱ्या काळी मोटारींना वाट देणे, आणि अलीकडच्या काळात मोटारींनी व्यापलेली जागा पायी चालणाऱ्यांना परत मिळवून देणे, असा तिचा अर्थ बदलत गेला. हा बदल समजून घेतल्याशिवाय पदपथाची रुंदी किंवा वाहनतळाची जागा यांविषयीच्या आजच्या वादांचे मर्म कळत नाही.

खाजने, बांध आणि पहिली वाट

कदंबकालीन लेखात या गावाचा उल्लेख 'पहजनी खळी' असा येतो, आणि त्यातील 'खळी' या शब्दाचा अर्थ भरतीचे पाणी आत घेणारा लहानसा ओहोळ असा लावला जातो. नाव ज्या जागेचे होते ती जागाच पाण्याची होती, असे यावरून म्हणता येते. पुढे दीर्घकाळ पणजी हा ताळगावचा एक भाग होता, आणि आसपासच्या सखल जमिनीची व्यवस्था गावकरी संस्थेकडे असे. पोर्तुगीज राजवटीत हीच संस्था कोमुनिदाद या नावाने ओळखली जाऊ लागली. या व्यवस्थेचा गाभा म्हणजे खाजन. भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली, परंतु मातीच्या बांधाने खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन म्हणजे खाजन, आणि बांधात बसवलेला झडपांचा दरवाजा म्हणजे मानस. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने या झडपा आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून नदीत उतरते, त्यामुळे एकाच रचनेत पाऊसपाण्याचा निचरा, भाताची शेती आणि मासळी या तिन्ही गोष्टी साधतात.

या रचनेतील दोन तत्त्वे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, काठावर मिळवलेली जमीन ही पाण्याशी केलेला एक करार असे. बांध कितीही भक्कम असला तरी पाण्याला ये-जा करण्याची ठरावीक वाट ठेवावीच लागे. दुसरे असे की, बांधाची डागडुजी हे सामायिक कर्तव्य असे, कारण एका ठिकाणी बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरे. काठावरचे खासगी हित सार्वजनिक व्यवस्थेवर अवलंबून असते, ही जाणीव कोणत्याही नगररचना कायद्याच्या कितीतरी आधी या भूमीत रुजलेली होती.

सन १५०० च्या सुमारास यूसुफ आदिलशहाने पणजीच्या काठावर तटबंदीचा वाडा बांधला. नदीमुखातून आत येणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवता यावी, हा या जागेचा उपयोग होता, आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला तेव्हा हा वाडाही त्यांच्या हाती गेला. राजधानी मात्र नदीच्या वरच्या अंगाला, आज जुने गोवे म्हणतात त्या शहरात होती. पणजीला प्रामुख्याने पहाऱ्याचे आणि विश्रामाचे ठिकाण एवढेच महत्त्व होते.

या दोन ठिकाणांना जमिनीवरून जोडणारे मोठे काम १६३३-३४ मध्ये झाले. लिन्यारेसचा काऊंट ही पदवी धारण करणारा व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या याच्या कारकिर्दीत पणजी ते रायबंदर असा ३ किलोमीटरांपेक्षा अधिक लांबीचा मार्ग बांधण्यात आला. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे व खाजने, अशा पाणथळ पट्ट्यातून तो जातो. तो बांधासारखा भरीव करून भागले नसते, कारण मिठागरांना भरतीचे पाणी लागे आणि पावसाळ्यात आतले पाणी नदीत जावे लागे; म्हणून त्याच्या बांधणीत अनेक कमानी ठेवण्यात आल्या. या मार्गाला 'लिन्यारेसचा पूल' म्हणतात ते त्यामुळेच, जरी दिसायला तो पुलापेक्षा रस्त्यासारखा असला तरी. पायी जाणारी माणसे, मेणे आणि घोडे यांच्यासाठी बांधलेली पणजीच्या काठावरची ही पहिली मोठी पक्की वाट होय, आणि मानशीमागचे तत्त्वच तिच्यात दगडाच्या कमानींच्या रूपाने उतरलेले दिसते.

भरावावर उभी राहिलेली राजधानी

साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडत गेले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉय काँद द एगा याने आदिलशहाच्या वाड्याची दुरुस्ती करवून आपला मुक्काम पणजीला हलवला. सत्ताधीश आला म्हणजे कचेऱ्या येतात आणि कचेऱ्या आल्या म्हणजे वस्ती वाढते. पण वस्ती वाढायला पणजीत कोरडी जमीन थोडीच होती. आल्तिनोची टेकडी आणि ओरें खाडी यांच्यामधल्या सखल भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस फोंतेन्हास ही वस्ती आकाराला आली. 'फोंते' म्हणजे झरा, आणि टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. परदेशातून धन मिळवून परतलेल्या एका गोमंतकीयाने येथे नारळाची बाग लावली आणि बागेच्या जागी हळूहळू घरे आली.

फोंतेन्हासची रचना पदपथाच्या इतिहासात लक्षात घेण्याजोगी आहे. येथील गल्ल्या अरुंद असून घरे थेट गल्लीच्या कडेवर उभी आहेत आणि त्यांचे सज्जे वाटेवर डोकावतात. वेगळा पदपथ येथे फारसा आढळत नाही, कारण त्याची गरजच नव्हती. संपूर्ण गल्ली हाच पदपथ होता. वाहन आणि माणूस यांना निरनिराळ्या पातळ्यांवर चालवण्याची कल्पना जेथे चाकांची गर्दी असते तेथे जन्म घेते, आणि अठराव्या शतकातल्या पणजीत तशी गर्दी नव्हती.

या शहराला आखीव रूप देण्याचे श्रेय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या गव्हर्नराकडे जाते. १८२७ ते १८३५ या काळात त्याने वाळूची टेकाडे सपाट करवली, दलदलीच्या जागा भरून काढल्या, सरळ रस्ते आखले आणि काठालगत सैनिकांसाठी मोठ्या बराकी बांधल्या. आज त्या इमारतींत पोलीस मुख्यालयासारखी कार्यालये आहेत. त्या काळी ताप आणि पटकी यांसारखे रोग साचलेल्या पाण्यातून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होतात, असा वैद्यकाचा समज होता, आणि जुन्या राजधानीची दुर्दशा सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. त्यामुळे दलदल बुजवणे हे जमीन मिळवण्याचे काम होते, तसेच ते आरोग्याचेही काम मानले जाई. या कामाची स्मृती कांपाल या भागाच्या नावात टिकून आहे. 'दों मानुएलचे मैदान' या अर्थाच्या पोर्तुगीज नावातून ते पुढे आले.

२२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने शहराचा दर्जा मिळाला आणि ती अधिकृत राजधानी झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात काठ आणि त्यामागचे चौक यांना राजधानीला शोभेल असे रूप देण्यात आले. १८५५ मध्ये चर्चच्या चौकालगत नगर उद्यान तयार झाले आणि पुढे ते सोळाव्या शतकातील वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता याच्या नावाने ओळखले जाऊ लागले; वास्को द गामाच्या भारतातील आगमनाला ४०० वर्षे झाली तेव्हा, १८९८ मध्ये, तेथे स्मारकस्तंभ उभारण्यात आला. काठावर झाडांच्या रांगा, बसण्याच्या जागा आणि चालण्यासाठी रस्त्यापासून वेगळ्या केलेल्या कडा आल्या.

या कडेला पोर्तुगीज भाषेत 'पासेयु' म्हणतात आणि फेरफटका मारणे या क्रियेलाही तोच शब्द आहे. पदपथ आणि पायी फिरण्यातला आनंद या दोन गोष्टी त्या भाषेत एकाच शब्दात सामावल्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पणजीचा काठ त्याच कल्पनेतून घडला. संध्याकाळी कुटुंबासह नदीकाठी फिरणे, बँड ऐकणे, ओळखीच्यांना अभिवादन करणे हा नागर जीवनाचा भाग झाला. मात्र हा आनंद सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. अधिकारी, जमीनदार आणि सुशिक्षित वर्ग जेथे फिरत असे त्याच काठावर हमाल ओझी उतरवत, होड्या लागत आणि मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका बाजाराकडे जात. काठ एक होता, परंतु त्यावर पाय ठेवण्याची कारणे दोन होती. विरंगुळा आणि उपजीविका. पुढच्या प्रत्येक सुधारणेत या दोहोंपैकी पहिल्याचा विचार अधिक झाला आणि दुसऱ्याचा कमी, हे या इतिहासातले सातत्य आहे.

काठ हे सार्वजनिक स्मृतीचेही स्थान बनले. आदिलशहाच्या वाड्याशेजारी १९४५ मध्ये संमोहनविद्येचे प्रवर्तक म्हणून गणले जाणारे गोमंतकीय आबे फारिया यांचा पुतळा बसवण्यात आला. तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला. गोवा मुक्तीनंतर नदीजवळच्या चौकातील आफोंसु द आल्बुकेर्क याचे स्मारक हटले आणि तो चौक आझाद मैदान झाला, तर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या १९७३ मधील निधनानंतर त्यांची समाधी मिरामारच्या किनाऱ्यावर बांधण्यात आली आणि काठचा मुख्य रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. राजवट बदलली की काठावरची नावे आणि पुतळे बदलतात, पण सार्वजनिक आदर व्यक्त करण्याचे ठिकाण म्हणून काठाचे महत्त्व कायम राहते.

धक्का आणि फेरीबोट

विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत पणजीत येण्याची मुख्य वाट पाण्यावरून होती. उत्तरेकडून, म्हणजे बार्देश, डिचोली, पेडणे या भागांतून येणाऱ्याला बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी लागे. मुंबईहून येणारी आगबोट कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत थांबत पणजीच्या धक्क्याला लागे. मुक्तीनंतरच्या काळातील 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही बोटींची नावे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले आणि गोवा येथील जुन्या पिढीच्या परिचयाची आहेत. मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या असंख्य मराठी व कोकणी कुटुंबांचा गावाशी असलेला संबंध या बोटींनी टिकवला होता.

जलमार्गाने येणारा प्रत्येक माणूस धक्क्यावर उतरताक्षणी पायी चालणारा होतो, आणि या साध्या वस्तुस्थितीने पणजीचे माप ठरवले. टपाल कचेरी, न्यायालय, सचिवालय, बाजार, चर्चचा चौक आणि खाणावळी या सर्व गोष्टी धक्क्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एकवटल्या. सुमारे १२ ते १५ मिनिटांच्या चालीत शहराचा बहुतेक कारभार उरकत असे. अशा शहरात काठ हा शहराचा उंबरठा असतो; माणसे तेथे उतरतात, थांबतात, निरोप देतात आणि घेतात. १९५२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनसोहळ्याच्या निमित्ताने याच काठावर मोठे हॉटेल बांधण्यात आले, तेव्हाही त्याचे तोंड नदीकडे आणि धक्क्याकडेच ठेवले गेले, कारण पाहुणा तेथूनच येणार होता.

पूल झाला आणि काठाची पाठ फिरली

१९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि पणजीचा उंबरठा नदीवरून पाटोकडे सरकला. 'पाटो' या कोकणी शब्दाचा अर्थच पूल असा आहे. ओरें खाडीवरच्या जुन्या पुलावरून हे नाव त्या परिसराला मिळाले. मांडवीच्या पुलाने उत्तर गोवा शहराशी जोडला हे मोठे लोकहिताचे काम होते, यात शंका नाही. ५ जुलै १९८६ रोजी हा पूल कोसळला तेव्हा शहर पुन्हा काही काळ फेरीबोटींवर अवलंबून राहिले आणि पुलाचे महत्त्व सर्वांना नव्याने कळले. १९९० च्या दशकात त्या जागी दोन पूल उभे राहिले आणि जानेवारी २०१९ मध्ये, शहरात न थांबता पुढे जाणाऱ्या वाहनांसाठी, अटल सेतू हा उंच पूल सुरू झाला.

परंतु पुलाचा दुसरा परिणाम काठाच्या वापरावर झाला. पूर्वी नदीपलीकडून येणारी माणसे चालत शहरात शिरत. आता ती आपापली वाहने घेऊन शिरू लागली. पाटोची सखल जमीन भराव घालून उंचावण्यात आली आणि तेथे बसस्थानक व कार्यालये आली. शहराच्या आतल्या रस्त्यांची रुंदी मात्र एकोणिसाव्या शतकातलीच होती. अठरा जून मार्गासारख्या बाजाराच्या रस्त्यावर दुतर्फा दुकाने, त्यांच्या पुढे पदपथ, पदपथाला टेकून उभ्या दुचाकी आणि त्यांच्या पलीकडे उभ्या मोटारी, अशी रांग लागली की चालणाऱ्याला उरते ती वाहत्या रहदारीची कडा.

वाहनतळाचा प्रश्न हा मुळात जमिनीचा प्रश्न आहे, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. भारतीय नगररचनेच्या प्रचलित मापानुसार उघड्या जागेवर एक मोटार उभी करायला, ये-जा करण्याची जागा धरून, सुमारे २३ चौरस मीटर लागतात. म्हणजे १०० मोटारींना २,३०० चौरस मीटर, आणि एवढ्या जागेत लहानसे उद्यान सहज सामावते. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी मोटार ये-जा करण्याची जागा रस्त्याकडूनच उसनी घेत असल्याने ही किंमत डोळ्यांना दिसत नाही, परंतु ती भरावी लागतेच. मालकाने भरली नाही तर ती पादचारी भरतो. ज्या शहराची बरीचशी जमीन पाण्यातून मिळवलेली आहे, तेथे तर प्रत्येक चौरस मीटरमागे कोणाच्या तरी श्रमांचा आणि सरकारी तिजोरीचा इतिहास आहे, आणि ती जमीन दिवसभर न हलणाऱ्या वाहनाला विनामूल्य देणे हा सार्वजनिक संपत्तीचा विनियोग ठरतो, मग तो कोणी ठरवून केलेला असो वा नसो.

याच काळात काठाशी निराळे नाते जोडणारी एक वास्तू कांपालला उभी राहिली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कला अकादमी १९८३ मध्ये पूर्ण झाली. रस्त्यावरून आत आलेल्या माणसाला इमारतीच्या सावलीतून, दाराची अडवणूक न होता, थेट नदीपर्यंत जाता यावे, असा तिचा विचार आहे. काठावर इमारत बांधूनही काठ लोकांसाठी खुला ठेवता येतो, हे तिने दाखवून दिले. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला आणि त्यानिमित्ताने जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीचे जतन, नदीलगतचा पदपथ, दिवे आणि बाके यांची कामे झाली. त्याच सुमारास मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या तरंगत्या कॅसिनोंची संख्या वाढली आणि त्यांच्या पाहुण्यांना ने-आण करणारे धक्के व त्यांची वाहने यांनी काठाचा मोठा भाग व्यापला. एकाच दशकात, एकाच काठावर, सार्वजनिक फेरफटक्याची जागा आणि व्यावसायिक प्रवेशद्वार या दोन्ही गोष्टी वाढल्या, आणि त्यांतला ताण अद्याप मिटलेला नाही.

कायद्याची रेषा आणि सुधारणेचे नवे पर्व

१९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने किनारी नियमन क्षेत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सीआरझेड, अस्तित्वात आले. मोठ्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथपर्यंत पोहोचते त्या रेषेला उच्च भरती रेषा म्हणतात. तिच्यापासून समुद्रकिनारी ५०० मीटरपर्यंतच्या आणि खाड्या व भरतीच्या नद्यांच्या काठी त्याहून कमी अंतराच्या पट्ट्यातील बांधकामावर या नियमाने बंधने घातली. आधीच वसलेल्या शहरी भागात नवी इमारत बांधायची तर ती अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा इमारतींच्या रांगेच्या जमिनीकडील बाजूसच बांधता येते, असा त्यातील नियम आहे. पणजीच्या बाबतीत याचा अर्थ फार बोलका आहे. भराव घालून आखलेला काठचा रस्ता हीच विसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याची सीमा बनली. रस्त्याच्या नदीकडील पट्टा मोकळा राहिला याला जशी जुन्या आखणीची दूरदृष्टी कारण आहे तसा हा कायदाही कारण आहे. मोकळ्या राहिलेल्या या पट्ट्यावर इमारत उभी राहू शकत नाही, परंतु मोटार उभी राहू शकते, आणि म्हणून काठाचे आजचे खरे भांडण बांधकामाशी कमी आणि वाहनतळाशी अधिक आहे.

मे २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत पणजीची निवड झाली. या योजनेखाली मलनिस्सारणाच्या वाहिन्या, भूमिगत केबली, गटारे, रस्ते आणि पदपथ यांची कामे एकत्र हाती घेण्यात आली, आणि ती करताना शहराचे अनेक रस्ते दीर्घकाळ खोदलेल्या अवस्थेत राहिले. धुळीचा आणि गैरसोयीचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. पदपथ बांधण्याच्या काळात चालणाऱ्यालाच चालणे अशक्य व्हावे, ही गोष्ट नियोजनाचा क्रम किती महत्त्वाचा असतो हे शिकवणारी आहे.

चांगल्या पदपथाची मापे काही गूढ नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची, झाड, खांब वा फलक यांचा अडथळा नसलेली वाट असावी, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील. आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे वृद्धाला पाय उचलून चढता येईल. पदपथ फार उंच केला की वाहने चढत नाहीत असे मानले जाते, प्रत्यक्षात मात्र माणसेच त्यावरून उतरतात आणि रस्त्याने चालू लागतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणे हा हक्क मानला आहे, तर पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने फिरत्या आणि बैठ्या विक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. म्हणून सायकलवरून पाव विकणारा पोदेर, संध्याकाळी रस ऑम्लेटचा गाडा लावणारा माणूस, मासळी घेऊन बसणारी बाई आणि पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन प्रवाशाची वाट पाहणारा पायलट यांना काठाच्या नकाशात जागा देणे, हे औदार्य नसून नियोजनाचे कर्तव्य आहे.

पाण्याचा विचार तर याहूनही आधी यायला हवा. पणजीत वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की गटारांची तोंडे नदीच्या पाण्याखाली जातात आणि सांतिनेजच्या नाल्यासारखे जुने प्रवाह उलटे भरतात. खाजनाच्या शेतकऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून त्याने बांधात मानस ठेवली आणि बांधामागे पाणी पसरायला शेत ठेवले. शहराने शेताच्या जागी भराव घातला, भरावावर डांबर आणि फरशी घातली, आणि पाण्याने थांबायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मागे राहिले. पदपथाखालून जाणारे गटार, पाणी मुरू देणारी फरसबंदी, झाडाच्या बुंध्याभोवतीची मोकळी माती आणि ओरें खाडीकाठची खारफुटी या सर्व गोष्टी एकाच कामाच्या अंगभूत बाबी आहेत. त्यांना सुशोभीकरणाच्या यादीत शेवटी ठेवणे ही चूक आहे.

पणजीचा हा इतिहास कोकण किनाऱ्यावरील मालवण, वेंगुर्ले, मुरूड, अलिबाग यांसारख्या गावांनाही उपयोगी आहे, कारण पर्यटनाच्या ओघात तेथेही किनाऱ्यालगत पदपथ, दिवे आणि वाहनतळ यांच्या योजना आखल्या जात आहेत. वाहनतळ किनाऱ्यापासून मागे, चालत येता येईल अशा अंतरावर ठेवावा. किनाऱ्यावर उभे राहण्याचा पहिला मान माणसाला, होडीला आणि जाळ्याला असावा. आणि काठावर फरशी बसवण्याआधी पाणी कोणत्या वाटेने येते व जाते याचा नकाशा तयार करावा. या तिन्ही अपेक्षा अवघड नाहीत, आणि त्यांच्या समर्थनार्थ परदेशातली उदाहरणे शोधण्याचीही गरज नाही. लिन्यारेसचा मार्ग बांधून आता जवळजवळ ३९० वर्षे झाली. माणसे, मेणे आणि घोडे यांच्यासाठी बांधलेली ती वाट नंतर आलेल्या मोटारींचाही भार वाहते आहे, कारण बांधणाऱ्यांनी तिच्याखालून पाण्याला वाट ठेवली होती.